शेपूट कुठं अडकलं?

यमकाचं चित्रपुस्तक पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवायचं तर आधी मान तयार करावी लागते. चित्र मुलांकडे हवं, म्हणून पुस्तक छातीशी धरायचं आणि वरून वाकून उलटी अक्षरं वाचायची. टीसीएचला आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं, मानेचा हा व्यायाम कुणी शिकवला नाही. त्यात पुढची रांग गुडघ्यांवर उभी राहते आणि मागची रांग 'दिसंना वो बाई!' म्हणून बोंबलते. मग पुस्तक टेबलफॅनसारखं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवत राहायचं.

बाजारात चांगली पुस्तकं नाहीत असं नाही. विंदा करंदीकरांनी 'राणीची बाग' 1961 सालीच लिहून ठेवलीय. माधुरी पुरंदऱ्यांच्या पुस्तकांत तर शब्द आणि चित्रं दोन्ही एकाच हातची. पण आमच्या वर्गातलं सगळ्यात फाटकं, म्हणजेच सगळ्यात लाडकं पुस्तक मी स्वतः केलेलं आहे. सोसायटीच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी, वर स्केचपेन, आणि दाभणानं घातलेली शिवण. मुलांना उंदीर दिसतो तेव्हा मला पलीकडची संकष्टी दिसते.

इंदिरा संतांनी ज्या बेळगावात ट्रेनिंग कॉलेजमध्ये शिक्षिका घडवल्या, त्याच्या वेशीवरच्या कंग्राळीत बसून कविता करायची म्हणजे धाडसच. मी ते केलं:

उंदीरमामा निघाले थाटात,
शेपूट अडकलं…

इथं पान उलटायचं. पलीकडे 'ताटात' हा शब्द आणि ताटभर लाडू. लाडवांच्या मागे माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. मी पानाचं टोक धरलं, वर्गाकडे बघितलं, आणि खिडकीजवळून आवाज आला, "घाटात!"

"ताटात," मी पान उलटून म्हणाले.

"ताटात अडकतंय होय, बाई? आमच्या पप्पांची गाडी चोर्ला घाटात अडकली. रात्रभर."

पप्पा गोव्याला भाजी नेतात. पावसाळ्यात चोर्ला घाट काय करतो हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक. पुराव्यानिशी बोलणाऱ्या माणसापुढे कवीनं काय करावं? तेवढ्यात एका पोरीनं 'गटारात' काढलं. यमक जरा लंगडं, पण वर्ग असा खिदळला की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. माझ्या लाडवांकडे कुणी बघितलंही नाही.

तशी ही गंमत शास्त्राला धरूनच आहे म्हणे. ब्रॅडली आणि ब्रायंट या ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी 1983 साली दाखवून दिलं की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांच्या कानाला यमक आणि सारखे आवाज चटकन कळतात, ती पुढे वाचायलाही बरी शिकतात. अमेरिकेत डॉ. स्यूस यांनी 1957 साली अवघ्या 236 वेगवेगळ्या शब्दांत टोपीवाल्या मांजराचं सबंध पुस्तक यमकात रचलं, तेही वाचायला शिकणाऱ्या पोरांसाठीच. म्हणजे यमकात अर्धी ओळ बाईंची आणि अर्धी पोरांची. पण आमच्या पोरांचा हिशेब असा की ज्यानं ओळ पुरी केली, पुस्तक त्याचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत बघते तर खिडकीजवळचा तोच पोरगा माझ्या खुर्चीत. पुस्तक छातीशी, मान माझ्यासारखीच खाली वाकलेली. बोट एकेका शब्दावरून सरकत होतं, अक्षरओळख अजून 'म'च्या पुढं सरकली नव्हती, तरी उंदीरमामा अडखळत नव्हते. मध्येच मान वर करून त्यानं माझ्याच सुरात दम दिला, "मागच्यांनी गप बसा. कोण हसुलंय ते?" समोर दुसरीचीसुद्धा चार पोरं बसली होती.

मग मी सुधारून दुसरी आवृत्ती काढली. लाडू गेले, घाट आला, घाटात ट्रक आला. मुलांनी पहिल्याच वाचनाला 'घाटात' नापास केलं. ते छापील झालं ना आता! त्यांना 'खाटात' हवं होतं, 'भातात' हवं होतं. मार्कंडेयाच्या काठची पोरं ती, भात सुचणारच. शेवटी तिसऱ्या आवृत्तीत मी शेपटीपुढची जागा कोरीच ठेवली. एवढी सोय विंदांनाही सुचली नसेल.

परवा तपासणीला साहेब आले. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, चाळलं, मोठ्यानं वाचायला लागले आणि कोऱ्या जागेशी थबकले. वर्गातून एका दमात घाट, भात, गटार, सगळं आलं.

"बाई, इथला शब्द का लिहिला नाही?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत खिडकीजवळून उत्तर गेलं, "ते आम्ही सांगतोय सर. बाईंना येत न्हाई."