मागच्या सीटवरचे मास्तर

गाडी आपण चालवायची आणि घाम मागं बसलेल्याला फुटायचा, असा एक तरी माणूस प्रत्येक घराण्यात असतो. आमच्यात तात्या आहेत. नात्यानं माझे मामा, वयानं पासष्टीच्या घरात आणि स्वभावानं कायम मागच्या सीटवर. साताऱ्यात राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत त्यांना गाडीवर घेऊन उतरायचं म्हणजे कानाला रेडिओ बांधून उतरण्यासारखं आहे, आणि या रेडिओला बंद करायचं बटण नाही. "दाब. दाब. आता सोड. अरं, सोड म्हणलं की सोडायचं! म्हातारी बघ. बघितलीस? ती माघारी वळंल. बघ, वळली का न्हाई?" म्हातारी माघारी वळलेली नसते, तात्यांच्या आवाजानं दचकलेली असते. खड्डा आला की गाडी त्यात जाऊन बाहेर आल्यावर ते "खड्डा!" असं म्हणतात. बहुधा नोंद राहावी म्हणून. पण या सगळ्याहून वाईट म्हणजे त्यांचा उजवा पाय. समोर कुत्रं येवो, रिक्षा येवो नाहीतर नुसती सावली येवो, तो पाय मागच्या मागं कचकन ब्रेक दाबतो. तिथं ब्रेक नसतो, माझी टाच असते.

हे तात्या एक दिवस चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आता मी रीतसर मास्तर होणार. दुचाकी शिकवणार."

कागदावर बघितलं तर त्यांच्याइतका लायक उमेदवार सातारा शहरात दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतला चोविसावा नियम त्यांनी सत्यनारायणाच्या पोथीसारखा पाठ केला होता. शिकवणारा दहावी पास पाहिजे. "हाय. एका दमात न्हाई, पण हाय." गाडी चालवल्याचा पाच वर्षांचा अनुभव पाहिजे. तात्यांना चाळीस वर्षांचा आहे, वरची पस्तीस कुणाला हवी असतील तर द्यायलाही ते तयार होते. मोटार मेकॅनिकचं सरकारी संस्थेतलं प्रमाणपत्र पाहिजे. आयटीआयचं आहे, फ्रेम करून देवघराशेजारी लावलेलं. गाडीचा भाग न् भाग उलगडून सांगता आला पाहिजे. इथं मात्र तात्यांची छाती शर्टाच्या बाहेर येते. 1975 साली वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली आणि पुढं साताऱ्याच्या एमआयडीसीत 'प्रिया' स्कूटर तयार व्हायला लागली. आयटीआयतून निघालेले तात्या तिथंच चिकटले. तो काळ असा की स्कूटर लग्नात बुक करावी आणि पोरगं शाळेत जायच्या वयाचं झालं की ती दारात यावी. "अर्ध्या महाराष्ट्राच्या बुडाखाली प्रिया मी दिली," असं तात्या म्हणतात. त्यावर आतून मामींचा आवाज येतो, "आणि घरातल्या बाईला तिच्या मुठीला कधी हात लावू दिला न्हाई."

मास्तरकीची खरी ओढ मात्र तात्यांना तिसऱ्या नियमामुळं लागली. शिकाऊ लायसन्सवाला दुचाकी चालवत असताना त्याच्या मागं शिकवणाऱ्याखेरीज कुणीही बसायचं नाही, असा तो नियम. हे वाचून तात्या उठून उभेच राहिले. ज्या कामापायी आयुष्यभर भाच्यांच्या, जावयाच्या आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, ते काम सरकारनं चक्क नियमात लिहून ठेवलं होतं! त्यातही एक मखलाशी त्यांनी शोधून काढली. ड्रायव्हिंग स्कूलच्या चारचाकीला मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक लागतो, मोटारसायकलला मात्र त्यातून सूट आहे. "मग दुचाकीला दुसरा ब्रेक कुठला?" त्यांनी मला विचारलं आणि स्वतःच्या तोंडाकडं बोट दाखवलं. "ह्यो!"

त्याच संध्याकाळी त्यांनी एल पाटी केली. कंदी पेढ्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. अठरा सेंटिमीटर चौरस, पांढरी जमीन, त्यावर तांबडा एल, उंची दहा सेंटिमीटर, जाडी दोन. माप फूटपट्टीनं तीनदा घेतलं. रंगाला मामींच्या कपाटातलं नेलपॉलिश. उलट्या बाजूला मिठाईवाल्याचा पत्ता तसाच राहिला. पाटी देखणी झाली होती, यात वाद नाही. तिच्यासाठी आता फक्त विद्यार्थी पाहिजे होता.

विद्यार्थिनी म्हणून मामी उभ्या राहिल्या. वय साठ, शिकाऊ लायसन्स ताजं, गाडी सुनेची, बिनगिअरची. जिल्हा परिषदेच्या मैदानावर रविवारी सकाळी आम्ही पाचसहा जण बघायला गेलो होतो. (जायला नको होतं.) तात्या मागं बसले, नियमाप्रमाणं. "द्या ॲक्सिलेटर," म्हणाले. मामींनी दिला. गाडी दहा पावलं नीट गेली, मग समोर एक बकरी आली, आणि तात्या ओरडले, "ब्रेक! ब्रेक! अहो, ब्रेक म्हणतोय ना!" गाडी थांबायच्या ऐवजी सुसाटली. बकरी शहाणी निघाली, बाजूला झाली. गाडी मैदानाच्या कडेच्या मुरमाच्या ढिगात जाऊन बसली. कुणाला लागलं नाही. मामी उठल्या, पदर झटकला, नवऱ्याकडं बघितलं आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर चार दिवस घरात आमटीला मीठ नव्हतं.

तात्यांचं म्हणणं, चूक मामींची. "ब्रेक म्हणलं तर बाईनं गाडी पळवली!" सांगलीला दिलेली त्यांची लेक फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, थोडे दिवस इकडं या. आमच्या इथं एक मॅडम बायकांना गाडी शिकवतात. त्यांना मदतीला माणूस पाहिजेच आहे. आधी शिकवायला शिका."

तात्यांना शिकायला सांगणं म्हणजे कृष्णेला पोहायला सांगणं. पण गेले. कराड, पेठ नाका, आष्टा करत एसटीनं सांगलीत पोचले. वाटेत चालकाच्या मागचीच सीट धरली होती, असं नंतर कळलं.

विश्रामबागेतल्या एका मोकळ्या मैदानावर सकाळी सहाला मॅडमचा वर्ग भरायचा. तासगाव तालुक्यात बदली झालेल्या एक शिक्षिका, रात्रपाळी संपवून थेट आलेली एक नर्स, माळवं विकणाऱ्या एक मावशी आणि दोन कॉलेजच्या पोरी. मॅडम वयानं तात्यांच्या लेकीएवढ्या, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात शिट्टी. तात्यांनी आल्या आल्या सलामी दिली, "एमएच अकराचा माणूस आहे मी. आमच्या साताऱ्यात सगळा चढ-उतार. आमच्यात शिकलेला कुठंबी चालवंल. तुमचं हे एमएच दहा म्हंजे सगळं ताट. हितं काय शिकवायचं?"

"बरोबर आहे काका," मॅडम म्हणाल्या. "मग मलाच शिकवा. समजा मी नवीन आहे. तुम्ही सांगाल तेवढंच करणार."

तात्या खुलले. "सोप्पं हाय. गाडी चालू करा, ॲक्सिलेटर द्या आणि चला."

मॅडम गाडीशेजारी नुसत्या उभ्या.

"बसा की!"

मॅडम बसल्या. मागच्या सीटवर.

"फुडं बसा. हां. आता चालू करा."

"कशानं?"

"किल्लीनं!"

किल्ली मॅडमच्या हातात होती. त्यांनी ती गाडीला दाखवली. पोरी तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या. किल्ली लागली, मग स्टँड निघायचा राहिला, मग स्टार्टर दाबताना ब्रेक धरायचा राहिला. "ब्रेक धरा" म्हटल्यावर मॅडमनी विचारलं, "कुठल्या हातानं?" आणि इथं तात्या अडकले. खरंच अडकले. हवेत दोन्ही हात धरून त्यांनी मुठी आवळल्या, सोडल्या, डोळे मिटले. मग, "जरा उतरा," म्हणाले, स्वतः गाडीवर बसले आणि बसल्यावर त्यांना आठवलं की डावा मागचा आणि उजवा पुढचा. तेवढ्यात त्यांचा उजवा पाय प्रियाचा पायातला ब्रेक शोधत फळीवर दोनदा आपटून आला होता.

"काका, तुमच्याकडं सगळं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ते मनगटात आहे. तिथून तोंडापर्यंतचा रस्ता म्हणजे आपला पेठ-सांगली रस्ता. नकाशावर आहे, पण माणूस पोचत नाही."

तात्यांनी त्यानंतर चार दिवस तोंड उघडायचं नाही असं ठरलं. काम एवढंच की शिकणारीच्या मागनं गाडीची मागची दांडी धरून पळायचं. तोंडाला चाळा म्हणून खिशात भडंग. या चार दिवसांत त्यांनी जे पाहिलं ते चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण चाळीस वर्षं ते स्वतः बोलत होते. पहिल्या दिवशी इंजिन चालूच करायचं नाही. गाडी नुसती ढकलत न्यायची, तिचं वजन अंगाला कळू द्यायचं, मधल्या स्टँडवर चढवायची, उतरवायची. दुसऱ्या दिवशी बसायचं, पण पाय जमिनीवर. बदकासारखं चालत चालत मैदानाला फेरी आणि मध्ये मध्ये डाव्या ब्रेकनं थांबायचं. म्हणजे गाडी पळवायच्या आधी थांबवायला शिकायचं. साताऱ्यात हे जमलं नसतं, गाडी आपली आपणच पळाली असती. सांगलीच्या सपाटीचा हा उपयोग तात्यांनी मनातल्या मनात कबूल केला. मोठ्यानं अजून केलेला नाही.

आणि मग मॅडमनी मुरमाच्या ढिगाचं कोडं सोडवलं. नर्सबाईंना त्यांनी गाडीवर बसवलं, इंजिन बंद, आणि मागून एकदम ओरडल्या, "ब्रेक!" नर्सबाई दचकल्या आणि दोन्ही मुठी गच्च आवळल्या. "बघा काका, उजवं मनगट बघा." मनगट खाली गेलं होतं. उजव्या मुठीतच ॲक्सिलेटर आणि उजव्या मुठीशीच पुढचा ब्रेक. घाबरलेला माणूस जे हातात असेल ते घट्ट धरतो, आणि धरता धरता मूठ पिळली जाते. ओरडणाऱ्याला वाटतं आपण ब्रेक मागितला, हात मात्र पेट्रोल देतो. म्हणून मॅडमच्या वर्गात 'ब्रेक' हा शब्दच बंद. "मूठ सोड" म्हणायचं. तेही हळू. हात सैल झाला की गाडी निम्मी आपोआप मंदावते, उरलेलं डाव्या हातानं.

तात्यांच्या तोंडातलं भडंग तोंडातच राहिलं. घरी जाऊन लेकीच्या फोनवरून त्यांनी मामींना फोन लावला. "तुझी चूक नव्हती," असं म्हणायचं होतं. "जेवलीस का?" असं म्हणाले. पण मामींनी बरोबर ओळखलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "या लवकर."

अजून एक अपमान बाकी होता. आरटीओच्या परीक्षेतला आठाचा आकडा. पाय न टेकता, सावकाश, दोन वेढे. "मी काढून दावतो," म्हणून तात्या बसले आणि पहिल्याच वेढ्यात पाय टेकला. पुन्हा काढला, पुन्हा टेकला. खुणेला ठेवलेल्या धोंड्यावर त्यांचा डोळा, आणि गाडी बरोब्बर धोंड्याकडं. शेवटी माळवंवाल्या मावशी, ज्यांना गाडीवर बसून आठवडाही झाला नव्हता, पुढं आल्या. "काका, धोंड्याकडं नगा बघू. जिकडं जायचं तिकडं बघा. गिऱ्हाईक दिसल्यावर मी पाटीकडं बघत बसते का?" त्यांनी स्वतः आठ काढून दाखवला. जरा लंबगोल झाला, पण पाय टेकला नाही. तात्यांनी त्यांना टाळी दिली. माझ्या माहितीत तात्यांनी दुसऱ्याच्या ड्रायव्हिंगला टाळी दिल्याची ही एकमेव वेळ.

एकवीस दिवस तात्या सांगलीत होते. बिगर-व्यावसायिक गाड्यांची शिकवणी नियमानं एकवीस दिवसांची असते, त्यात किमान दहा तास प्रत्यक्ष चालवणं. तात्या म्हणाले, शिकवणारा तरी त्याहून कमी का शिकेल? येताना पेढ्याच्या खोक्याची पाटी मॅडमना भेट देऊन आले आणि दुसरी करायला पुठ्ठा घेऊन आले. भडंगाच्या खोक्याचा.

परवा सकाळी मी मैदानावर गेलो. लांबूनच बघत होतो. मामी गाडीवर, पाठीला पाटी, डोक्याला हेल्मेट. तात्या मागनं पळत होते, दांडी धरून, तोंड मिटलेलं. एका वळणावर त्यांनी दांडी सोडली, मामींना कळू न देता, आणि पुढं वीस पावलं हात तसाच हवेत धरून पळत राहिले. मामींनी फेरी पुरी केली, दुसरी केली, आठ काढला. बकरी आज पण होती. तात्यांचं तोंड उघडलं, मिटलं, आणि अगदी हळू आवाजात, जणू देवघरात बोलावं तसं, ते म्हणाले, "मूठ सोड." मामींनी सोडली. बकरी गेली.

मग मामी म्हणाल्या, "बसा मागं. रस्त्यानं जाऊ."

तात्या बसले. मी माझी गाडी काढून मागोमाग निघालो. पोवई नाक्याचा चढ आला, एसटी आडवी आली, एक रिक्षा जिथं वळायला नको तिथं वळली. तात्या एक अक्षर बोलले नाहीत. दोन्ही हात मांड्यांवर, नजर लांब, जिकडं जायचं तिकडं. उजवा पाय तेवढा थरथरत होता. सिग्नलला मी त्यांच्या शेजारी थांबलो, तेव्हा मामी मान न वळवता म्हणत होत्या, "मागनं शिकवू नका. मला कळतंय."

"मी कुठं बोललो?"

"बोलला न्हाई. पण श्वास घेताय तो ऐकू येतोय. आणि तो पाय काढा माझ्या टाचेवरनं."