दारातल्या दारात पाळीबदल

"काकू, दूध उतू गेलं का? माझ्या गोवऱ्या ओल्या निघाल्या, नुसता धूर!"

"गेलं की, पूर्वेकडनंच गेलं. रथसप्तमी पावली म्हणायची. बरं, काल दौंडला जाऊन आले, ते आधी ऐक."

"भाचीकडं?"

"तिच्याकडंच. जावई रेल्वेत, त्याची रात्रपाळी. ही दिवसा कुरकुंभच्या एमआयडीसीत. सकाळी तो दारातनं आत, ही दारातनं बाहेर. भांडायचं तरी सुट्टी जुळावी लागते!"

"अगंबाई, हे तर आमचं पोरगं वाचत होतं त्या ग्रीक पुराणातलंच झालं. तिथं दिवस म्हणजे देवी, हेमेरा. आणि तिची आई कोण, तर रात्र!"

"काय सांगतेस! आणि बाप?"

"एरेबस. तोही अंधारच. हेसिअड नावाच्या कवीनं अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच सगळी कुळी मांडून ठेवलीय. मायलेकी एकाच घरात राहतात, पण दोघी मिळून घरात कधीच नाहीत. एक आत शिरली की दुसरी बाहेर. उंबऱ्यावर काय तो रामराम."

"सासू-सुनांना असलं घर मिळालं तर निम्मं शिरूर शांत होईल बघ."

"काकू!"

"खोटं बोलते का? आपल्याकडं मात्र त्या बहिणी. कीर्तनात बुवा सांगत होते, ऋग्वेदात उषा आणि रात्र दोघी बहिणी, वाट एकच, चालायची पाळी वेगळी. पण उषेची सूक्तं वीसेक आणि रात्रीचं स्वतःचं असं एकच."

"रात्रपाळीवाल्याला कोण विचारतंय!"

"उषेला तरी कुठं विचारतो आपण? आज रथ काढला सूर्याचा, दूध सूर्याला, नैवेद्य सूर्याला. जुन्या सूर्यमूर्ती नीट बघ कधी. बाजूला दोन लहानशा बायका धनुष्य ताणून उभ्या असतात, उषा नि प्रत्युषा. अंधार हाकलायचा त्यांनी, आणि रथात मिरवायचं यांनी!"

"त्या हेमेराचंही तसंच. कुळीत नाव आहे, पुढं गोष्टी फारशा नाहीतच."

"बायकांचं सगळीकडं सारखंच मेलं. बरं, हळदीकुंकवाचा आज शेवटचा दिवस. संध्याकाळी ये, आणि जावेलाही आण. तिची रांजणगावची बस रात्री असते ना? मग कामाचं निमित्त सांगू नका. तिला मी पहिलं वाण देऊन मोकळी करते."