रागावणारं कुणी नाही

बारावीपर्यंत मूल ही सार्वजनिक मालमत्ता असते. आईवडील आणि क्लासचे सर तर असतातच, पण शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि दारात गॅसचा सिलिंडर उतरवणारा माणूसही ‘यंदा बारावी ना?’ म्हणत जाता जाता दोन उपदेश करतो. मग एक दिवस बॅग, गादी आणि बादली घेऊन ते मूल पुण्यात येऊन पडतं आणि सगळं एकदम शांत होतं. ‘ऊठ’ म्हणायला कुणी नाही, ‘आता झोप’ म्हणायलाही कुणी नाही. एफ.वाय.च्या मुलांना अभ्यासापेक्षा हेच जास्त जड जातं, असं माझं मत आहे.

आमचा भाचा बार्शीहून आला. गावात सख्खा मामा असताना तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. कॉट बेसिस म्हणजे कॉट आणि कॉटखालची जागा आपली, बाकी सगळं सामाईक. माझ्याकडे का नाही, तर मामी रागावेल. इतक्या कष्टाने मिळवलेल्या स्वातंत्र्याचा उपयोग त्याने पहिले काही आठवडे सकाळची लेक्चर्स झोपून काढण्यासाठी केला. गजर तो लावायचा, गजर वाजायचाही. पण गजराला पांघरूण ओढता येत नाही.

कॉलेज रागावत नाही असं नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्यांची डिफॉल्टर यादी लागते. पण शाळा रोज रागावते, नाव घेऊन रागावते. कॉलेज सत्राच्या शेवटी रागावतं, तेही नोटीस बोर्डावर, रोल नंबरने. त्यात काही जिव्हाळा नसतो. विद्यापीठ तर आणखी लांब. भाचा शिकतो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, पण कॉलेज संलग्न असल्यामुळे गणेशखिंडीतलं ते विद्यापीठ त्याने अजून फक्त बसच्या खिडकीतून पाहिलंय. चौकात वाहतूक तुंबते म्हणून निवांत पाहिलंय, एवढंच. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी त्याचं नातं सध्या एका पीआरएन नंबरापुरतं आहे.

त्यात नवं शैक्षणिक धोरण. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट. विज्ञानाच्या मुलाने एखादा विषय दुसऱ्या शाखेतलाही घ्यायचा, ही कल्पना मला मनापासून आवडते. मला स्वतःला ती वेळेवर मिळाली नाही, हा भाग वेगळा. पण ताईला हे फोनवर समजावताना माझ्या तोंडून निघून गेलं की आता एक वर्ष करून बाहेर पडलं तरी, थोडी जास्तीची क्रेडिटं मिळवली तर, प्रमाणपत्र मिळतं. पलीकडे बराच वेळ काही ऐकूच आलं नाही. मग ती म्हणाली, ‘‘हे त्याला सांगू नकोस.’’

या वयात खरा प्रवेश होतो तो मेसमध्ये. भाच्याच्या मेसच्या काकूंचे नियम विद्यापीठाच्या अध्यादेशाहून कडक आहेत. खाडा सांगायचा तर आदल्या दिवशी, आणि तोही सलग तीन दिवसांचा. सहज एक वेळ जेवला नाहीत, तर पैसे कापले जाणार नाहीत. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद. ती रात्र ज्याने त्याने आपल्या हिमतीवर काढायची. भाजीबद्दल तक्रार केलेली चालते, ऐकली जात नाही. फ्लॉवर असो, वांगं असो, ढोबळी मिरची असो, बटाटा सगळीकडे हजर असतो. त्याला ७५ टक्क्यांची चिंता नाही. ताटात भात टाकला, तर मात्र काकू चारचौघांत विचारतात, ‘‘घरी असं टाकतोस का रे?’’ हे मला सांगताना भाचा तक्रारीच्या सुरात सांगत होता, पण त्या सुरात कुठेतरी समाधानही होतं.

ताई शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवते. ते पहाटे पाचला स्वारगेटला उतरवून घ्यावं लागतं. साडेसातच्या लेक्चरला न उठणारा हा मुलगा पाचला तिथे उभा असतो. चटणी मात्र खोलीतल्या इतरांना तिचा पत्ता लागेपर्यंतच टिकते, आणि त्याला फार वेळ लागत नाही.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन लागेना. चौकशी केली तर साहेब पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत. महाराष्ट्रीय कलोपासकांची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि एफ.वाय.च्या मुलांनी त्यात काय करायचं हेही बहुधा तेव्हापासूनच ठरलेलं आहे: लेव्हल्स उचलायच्या, झाडू मारायचा, चहा आणायचा आणि भरत नाट्य मंदिरात घसा फुटेस्तोवर ‘आव्वाज कुणाचा’ ओरडायचं. दिग्दर्शक टी.वाय.चा, दाढी नुकतीच धरू लागलेली. दहा मिनिटं उशीर झाला की तो सगळ्यांसमोर फाडून खातो. भाचा सकाळी सहाला हजर! मामीला घाबरून पेठेत राहायला गेलेल्या मुलाने शोधून शोधून अखेर रागावणारा माणूस मिळवलाच.

ताई म्हणाली, ‘‘तू जरा जाऊन बघ. लेक्चर बुडवत असेल तर चांगला रागाव.’’ मी गेलो. तालीम ऐन रंगात होती. भाचा कोपऱ्यात लेव्हलला खिळे ठोकत होता. मी घसा खाकरून पुढे झालो, तोच माझा मोबाईल वाजला. ताईचाच. दिग्दर्शक गर्रकन वळला. ‘‘काका, तालमीत मोबाईल? बाहेर जाऊन बोला. आणि चपला काढून यायचं असतं.’’

भाच्याने मान खाली घालून आणखी दोन खिळे ठोकले. त्याचे खांदे हलत होते.

ताईला रात्री फोन करून सांगितलं, रागावणं झालं म्हणून. कोण कुणाला, हे तिने विचारलं नाही.