पंचवीस घोडे, पट्ट्यासकट

डॉन येन्को हे अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या कॅनन्सबर्गचे शेव्हरले डीलर होते. तेव्हा शेव्हरलेच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, दंडक होता, की शेव्हरलेच्या कॅमारोएवढ्या गाडीत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. येन्कोंनी आधी स्वतःच्या वर्कशॉपात ४२७चं इंजिन कोंबलं. १९६९मध्ये मात्र ‘कोपो ९५६१’ नावाच्या खास ऑर्डरच्या मागच्या दाराने ते फॅक्टरीतूनच बसून यायला लागलं.

मग डीलरने करायचं काय? पट्टे मारायचे. आणि अक्षरं चिकटवायची: ‘एस-वाय-सी’, म्हणजे येन्को सुपर कार. त्यातला वाय तेवढा मोठ्या लिपीतला, शेवटी मालकाचं आडनाव आहे!

शेव्हरलेच्या कागदावर हे इंजिन ४२५ हॉर्सपॉवरचं. येन्कोंच्या कागदावर तेच ४५०चं. वरचे पंचवीस घोडे बहुधा स्टिकरच्या डिंकावर चरत असावेत.

तीच गाडी दुसऱ्या डीलरकडे बिनबाशिंगाची मिळे. आज बाशिंगवाल्या नवरदेवाला लिलावात लाखो डॉलर पडतात. आणि बोली लावणारे शेठ आधी वाकून इंजिनावरचे ठोकलेले नंबर वाचतात, कारण पट्टे काय, कोपऱ्यावरचा पेंटरही मारून देतो.

रेसर कॅरोल शेल्बींनी फोर्ड मस्टँगवरून केलेली १९६५ची जीटी ३५० त्या मानाने प्रामाणिक. सस्पेन्शनला खरंच हात लावलेला, वर मागची सीट काढून टाकलेली. जास्त पैसे घेऊन गाडीतलं सामान कमी केलं, तेही उघडपणे. सासूबाईंना कुठे बसवायचं, हा प्रश्न परस्पर मिटला.