चेडवाचं नाव इरावती

बर्लिन

ती. सौ. ताईस,


तू पाठवलेली नावांची यादी पोचली. मायरा, कियारा, शनाया! वाचून ही म्हणाली, ‘‘परदेशात नक्की कोण राहतंय, आपण की ताई?’’ आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तुझाच. पण कणकवलीच्या बाजारपेठेत उभी राहून ‘‘गो शनाया, येताना सोलां घेवन ये’’ अशी एक हाक मारून बघ. रिक्षावाले वळून बघतील.

आम्ही इरावती ठरवलंय. आईने फोनवरच निकाल दिला, ‘‘नदीचा नाव नको. चेडू एका जाग्यार रवाचा नाय.’’ तिच्या बाजूने साक्षात मनुस्मृती आहे. नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी, साप यांची नावं असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असं तिसऱ्या अध्यायात सांगितलंय. गावाने हे मनावर घेतलं असतं, तर रोहिणी, तुळशी, मैना सगळ्या माहेरीच राहिल्या असत्या. खुद्द आईचं माहेरचं नाव गोदावरी. हे तिच्यासमोर तू बोल, मी लांब आहे तोच बरा.

आता इरावती कर्वे बघ. जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. वडील करमरकर तिथे नोकरीला होते; तिथल्या मोठ्या नदीवरून त्यांनी मुलीचं नाव ठेवलं. नदीचं नाव मुळात आपलंच. पंजाबातल्या रावीलाही पूर्वी इरावती म्हणत. ही नदीच्या नावाची मुलगी सून म्हणून गेली कुठे, तर मूळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या घरी! आईचं भाकीत तेवढं खरं ठरलं: बाई एका जागी राहिल्या नाहीत. डॉक्टरेट केली ती इथे बर्लिनमध्ये, मग माणसांचा अभ्यास करत देशभर हिंडल्या, पुण्यात स्कूटर चालवली. ‘युगान्त’ला 1968 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं.

जन्मनोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, ‘‘हे नाव मुलीचं की मुलाचं?’’ मी म्हटलं, ‘‘या नावाच्या बाईंना तुमच्याच गावाने डॉक्टर केलंय.’’ पुढे प्रश्न आला नाही.

आईला कुठून तरी कळलंय, की पुराणात ऐरावताच्या आईचं नाव इरावती. ‘‘हत्तीची आवस?’’ असं दोनदा विचारून झालंय. तिला सांग, घरात हाक ‘इरू’ अशीच मारायची. कर्व्यांना त्यांची माणसं तेच म्हणत.

बारसं कणकवलीतच करू. माळ्यावरचा पाळणा उतरवून पुसून ठेव, आणि कानात कुर्र करताना ऐनवेळी मायरा म्हणू नकोस. इथल्या दाखल्यावर इरावती छापून झालंय.

तुझा,
धाकटा