डॉक्टर येण्यापूर्वी

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एक रोगी मरत आला आहे. त्याला नाव नाही, आजार कोणता ते कुणी सांगितलेले नाही, घरी रडायला कोण होते याची चौकशीही कुणी केलेली नाही. ‘डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता’ एवढ्या एका वाक्यात त्याचा सारा कारभार आटोपतो आणि वर्गातली मुले लगेच त्याचे इंग्रजी करायला बसतात : द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. मरणाची वार्ता ऐकून कुणाचा चेहरा उतरत नाही. काळजी असते ती ‘हॅड’ वाक्याच्या कुठल्या अर्ध्यात घालायचा याची. आधी घडले त्याला ‘हॅड’ आणि धातूचे तिसरे रूप, नंतर घडले त्याला साधा भूतकाळ. हा नियम ज्याला पाठ झाला त्याला पूर्ण भूतकाळ आला, आणि रोगी सत्कारणी लागला.

या भूतकाळाच्या गावात वेळेवर असे कुणी पोचतच नाही. आपण स्टेशनात शिरावे तर गाडी सुटलेली असते. पोलीस यावेत तर चोर पसार झालेला असतो. घंटा होऊन गेल्यावर मुलगा शाळेच्या फाटकाशी येतो, आणि दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाइकाला वस्तू आठवते. लहानपणी मला यातल्या डॉक्टरांची फार दया यायची. रोग्याचे काय, तो सुटला. पण हा बिचारा हातात बॅग घेऊन, रात्रीबेरात्री चिखल तुडवत, दर वर्षी, दर इयत्तेत त्याच दारात येऊन उभा राहायचा आणि दर वेळी घरातली माणसे मान हलवायची. त्याला कुणी पाणी तरी विचारले असेल का, असा विचार मनात चालू असताना पुढचे दोन प्रश्न फळ्यावरून पुसले जायचे.

इंग्रजी व्याकरणाचे ‘रेन अँड मार्टिन’ हे जाडजूड पुस्तक आपल्याकडे घराघरांतल्या फडताळात असते. त्यातले रेनसाहेब म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. या गृहस्थांनी पुढे १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची एक धाडसी कादंबरी लिहिली आणि ती जगभर गाजली. तिच्या सुरुवातीला वाळवंटातल्या एका किल्ल्याच्या मदतीला एक फ्रेंच अधिकारी तुकडी घेऊन धावतो. तटावर जागोजागी शिपाई बंदुका रोखून उभे दिसतात. जवळ जाऊन पाहावे तर एकूण एक मेलेले; मृतदेहच तटाला टेकवून उभे केलेले. व्याकरणाच्या पुस्तकावर ज्याचे नाव आहे त्याच्या कादंबरीत दुसरे काय होणार? कुमक पोचण्यापूर्वी शिबंदी मेली होती. मला ती कादंबरी पूर्ण भूतकाळाचे सर्वांत लांब उदाहरण वाटते.

खरे सांगायचे तर ‘बिफोर’ हा शब्द वाक्यात असला की ‘हॅड’ची फारशी गरज उरत नाही. आधी कोण, नंतर कोण, हे त्या एका शब्दानेच सांगून टाकलेले असते, आणि इंग्रजांची मुले अशा ठिकाणी साधा भूतकाळ खुशाल वापरतात. ‘हॅड’ची खरी किंमत कळते ती ‘व्हेन’च्या संगतीत. ‘व्हेन द डॉक्टर केम, द पेशंट डाइड’ असे म्हणून पाहा. डॉक्टर आले आणि रोगी गेला! म्हणजे डॉक्टरांनी उंबऱ्यात पाऊल टाकायला आणि त्याने डोळे मिटायला एकच गाठ पडली. उद्या गावात त्यांच्याकडे कोण जाणार? पण ‘हॅड डाइड’ म्हटले की संशय फिटतो. ते आले तेव्हा सारे आटोपले होते. तीन अक्षरांचा तो इंग्रजी शब्द डॉक्टरांच्या अब्रूसाठी साक्षीला उभा राहतो, आणि आम्ही त्याला जन्मभर दोन गुणांचा प्रश्न समजत राहिलो.

जर्मनीतून अमेरिकेत गेलेले हान्स रायशेनबाख नावाचे एक तत्त्वज्ञ होते. १९४७ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात त्यांनी काळांचा हिशेब तीन बिंदूंनी मांडला. एक घटना घडली तो क्षण, दुसरा आपण बोलतो आहोत तो क्षण, आणि तिसरा, जिथे उभे राहून आपण त्या घटनेकडे पाहतो तो क्षण. पूर्ण भूतकाळात हे तिन्ही वेगळे, एकामागे एक. गाडी सुटली तो घटनेचा. आपण धापा टाकत फलाटावर पोचलो तो पाहण्याचा. आणि आज आरामखुर्चीत बसून ती हकीगत सांगतो आहोत तो बोलण्याचा. गाडी तर सुटायचीच. पण जो फलाट गाठतो आणि रिकामे रूळ पाहतो, त्याच्यावाचून ‘हॅड’ उभाच राहत नाही. हा काळ गेलेल्या गाडीचा नाही, चुकलेल्या उतारूचा आहे.

भूतकाळ बारकाईने तपासण्याचा हा छंद फक्त पश्चिमेचा नव्हे. आपण न पाहिलेल्या भूतकाळासाठी पाणिनीने संस्कृतात लिट् लकार वेगळा काढून ठेवला. आता ‘न पाहिलेला’ म्हणजे किती जुना, यावर पंडितांचे काय काय मत होते ते पतंजलींनी महाभाष्यात नोंदवले आहे. कुणी म्हणे शंभर वर्षांपूर्वीचा, कुणी म्हणे हजार वर्षांपूर्वीचा, कुणी म्हणे दोन-तीन दिवसांपूर्वीचाही चालेल, आणि कुणी म्हणे भिंतीपलीकडे किंवा चटईआड घडले की झाले. मग पुढची पंचाईत : स्वतःच केलेली गोष्ट माणसाने न पाहिलेली कशी असेल? असू शकते; झोपेत मी म्हणे विलाप केला, असे तो सांगू शकतोच की. शिवाय जागा असूनही न पाहणारा असतो. त्याचा दाखला म्हणून शाकटायनाची गोष्ट येते. हा थोर वैयाकरण रस्त्याच्या कडेला बसला होता, समोरून गाड्यांचा तांडाच्या तांडा गेला, आणि त्याला पत्ताही लागला नाही. व्याकरणाच्या नादात समोरची गाडी चुकवणारे आपण काही पहिले नव्हे, हे वाचून मला मोठा धीर आला.

पण पुन्हा ‘हॅड’कडे येऊ. याच ‘हॅड’ला इंग्रजांनी आणखी एक काम लावून दिले आहे. ‘इफ आय हॅड नोन’ म्हणजे मला माहीत असते तर. माहीत नव्हते, हे त्यात आलेच. जे नक्की घडून, संपून, थंड झाले त्यालाही ‘हॅड’, आणि जे कधी घडलेच नाही त्यालाही तोच ‘हॅड’. मराठीने यासाठी निराळी सोय केली. ‘गेलो होतो’ आणि ‘गेलो असतो’ यांच्यात तिने एका शब्दाची का होईना, भिंत घातली. इंग्रजीत मात्र सुटलेली गाडी आणि कधीच न धरलेली गाडी एकाच फलाटावरून निघतात. रात्री झोप येत नाही तेव्हा मला ही इंग्रजीची सोय अधिक प्रामाणिक वाटते. वय वाढते तशी लिहिलेली पत्रे आणि लिहायची राहिलेली पत्रे मनाच्या एकाच खणात जाऊन पडतात, आणि कुठले पत्र खरेच टपालात पडले होते ते सांगता येईनासे होते.

मराठी पूर्ण भूतकाळाचा जीव वेगळ्याच गोष्टीत गुंतलेला आहे. ‘पाहुणे आले’ म्हटले की चहाचे आधण ठेवायचे. ‘पाहुणे आले होते’ म्हटले की कपबशा विसळायच्या. ‘लाइट गेली’ म्हणजे मेणबत्ती शोधा, ‘लाइट गेली होती’ म्हणजे मेणबत्ती विझवा. ‘ताप आला होता’ असे सांगणारा माणूस आता बरा असतो. आमच्या ‘होता’ला गाडी चुकलेल्या उतारूची गरज नाही. घडले, त्याचा परिणाम ओसरला, आता त्याचे काही उरले नाही, एवढेच तो हलक्या आवाजात सांगतो. म्हणून तर ‘रोगी मेला होता’ हे वाक्य डॉक्टरांवाचून एकटे उभे केले, तर मराठी मन क्षणभर विचारू पाहते, मग आता कसे आहे?

हाच ‘होता’ बरोबर घेऊन आपला माणूस इंग्रजीत शिरतो. ‘आय हॅड गॉन टु पुणे’, असे तो सहज म्हणतो. त्याला म्हणायचे असते, पुण्याला जाऊन आलो, हा बघा परत तुमच्यासमोर. ऐकणारा इंग्रज मात्र एक पाय हवेत धरून थांबतो. हे गृहस्थ पुण्याला गेले होते, त्यानंतर काय झाले? घराला आग लागली? राजा मेला? काहीच झालेले नसते. गृहस्थ पुण्याला लग्नाला गेले होते, लग्न झाले, जेवण बरे होते, ते परत आले. पाठ्यपुस्तके याला चूक म्हणतात आणि परीक्षेत ती चूकच धरावी. पण त्या चुकीत आपल्याकडची बोलण्याची एक रीत शाबूत राहिली आहे, आणि ती मला लाल शाईपेक्षा मोलाची वाटते.

कारण त्याच तोंडाने तो पुढे म्हणतो, ‘आय हॅड कम टु युअर हाउस.’ मी तुमच्याकडे आलो होतो. इंग्रजीत हे वाक्य अर्धे, मराठीत पूर्ण : आलो, बेल वाजवली, कुलूप पाहिले, शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला, परत गेलो. तेव्हा मंडळी, असे कुणी म्हणाले तर त्याचा काळ सुधारायला जाऊ नका. आपण त्या दिवशी घरी नव्हतो, हे आधी कबूल करा, आणि पुन्हा कधी येता ते विचारा.