टावर चौकात बसून बर्फाचे टायर कसे निवडावेत

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोण? ज्याने बर्फाची लादी आजवर गोळेवाल्याच्या गाडीवर, गोणपाटाखालीच पाहिली. ज्याने स्वतः सायकलवर शेवटची टांग कधी मारली हे घरच्यांनाही आठवत नाही. पण ज्याचा मुलगा, भाचा किंवा जावई सध्या अशा गावी आहे, जिथे नोव्हेंबरात रस्ते गोठतात आणि लोक त्यावरून सायकलने कामावर जातात. अशा नवशिक्यांची उज्जैनात वानवा नाही. संध्याकाळी फ्रीगंजात, टावर चौकात घड्याळाखाली चाटच्या गाड्या लागल्या की आपल्या मराठी मंडळींचा कंपू जमतोच. शिंदे सरकारांनी 1810 साली राजधानी इथून ग्वाल्हेरला हलवली, बरीच घरं मात्र इथेच राहिली. दूर गेलेल्यांना इथे बसून सल्ला देण्याची परंपरा तेव्हापासून अखंड आहे.

मुलाने सल्ला मागितला आहे का, हा प्रश्न आधी मनातून काढून टाकावा. व्हिडिओ कॉलवर तो "बाबा, परवा जरा घसरलो" म्हणाला ना? मग झालं. हा लेखी अर्ज समजून कामाला लागावं.

सुरुवात बर्फापासून. चौकातला सर्वमान्य समज असा की थंडी जितकी जास्त, तितकं घसरणं जास्त. हा समज आधी मोडून काढा, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर अवलंबून आहे. उणे वीस अंशांवरचा बर्फ कोरडा आणि टणक असतो, टायर त्यावर बऱ्यापैकी धरतो. वाईट तो शून्याच्या आगेमागे असलेला बर्फ, म्हणजे दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला आणि वर पाण्याचा पातळ थर बाळगून बसलेला. त्यातला सर्वांत लबाड प्रकार म्हणजे डांबरावर बसलेला पारदर्शक पापुद्रा. खालचं काळं डांबर जसंच्या तसं दिसतं आणि बर्फ आहे हे सायकलस्वाराला जमिनीवर आल्यावर समजतं. थोडक्यात, धोका हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना जास्त असतो. जानेवारीत फोन करून "जपून रे" म्हणणाऱ्यांनी ते फोन नोव्हेंबर आणि मार्चकडे वळवावेत.

इथे कोणीतरी हटकून मध्ये पडेल. थंडीचं आम्हाला काय सांगता, असं म्हणून तो वेधशाळेचा पहाटेचा आकडा ऐकवील, मग कुणाच्या तरी शेतात हरभऱ्यावर पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडल्याचं सांगेल, आणि शेवटी महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दंव गोठल्याचा फोटो मोबाइलवर काढून दाखवील. वाद घालू नये. त्याच्या हातात गराडूची प्लेट द्यावी. गराडू म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे; ते कढईतून थेट येतात, वर तिखट मसाला आणि लिंबू असतं. तो फुंकर मारतोय तोवर विषय पुढे नेता येतो.

आता तज्ज्ञ गाठायचा. कंपूत दोन निवृत्त इंजिनिअर असतील, पण तिकडे फिरकू नका. सरळ पंक्चरवाल्याकडे जा आणि बर्फासाठीच्या खिळ्यांच्या टायरचा फोटो दाखवा. तो मोबाइल डोळ्यांजवळ नेईल, मग लांब धरील आणि विचारील, "बाबूजी, इसके खीले बाहर को कैसे निकल गए?" त्याचं आश्चर्य समजून घेण्यासारखं आहे. त्याचा सगळा दिवस उलट कामात जातो. तो ट्यूब काढतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो, तिथे कॉपिंग पेन्सिलने खूण करतो. मग टायरच्या आतून तर्जनीचं पेर हळूहळू फिरवतो, टोक लागलं की थांबतो आणि पकडीने खिळा, काटा, चपलेची चूक, जे असेल ते ओढून डब्यात टाकतो. माळव्यातले रस्ते बाभळीच्या काट्यांपासून गोखरूपर्यंत सगळं सायकलवाल्याला फुकट पुरवतात. आणि सिंहस्थ जवळ आला की चहूकडे खोदकाम निघतं, मग बांधकामावरचे खिळेही त्यात जमा होतात. तिकडे हाच माल लोक पैसे मोजून, कारखान्यातून, मोजून-मापून बाहेरच्या अंगाला बसवून घेतात, हे त्याला पचायला थोडा वेळ द्या.

पण एकदा पचलं की तो तीन प्रश्न विचारील. ते लिहून घ्या. ह्या विषयावर ह्याहून चांगले प्रश्न ओउलूच्या दुकानातही कुणी विचारणार नाही. (ओउलू हे उत्तर फिनलंडमधलं गाव आपण उदाहरणादाखल घेऊ. तिथे हिवाळाभर लोक सायकल चालवतात, नगरपालिका सायकलचे रस्ते झाडून-पुसून ठेवते, आणि हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2013 साली तिथेच भरली.)

पहिला प्रश्न: "रिम कौन सी है?"

इथे नवशिका छाती पुढे काढून "अठ्ठावीस इंची" असं सांगतो. थांबा. तुमच्या अंगणातली काळी दांडीची सायकलही अठ्ठावीस इंची आणि मुलाची तिकडची सायकलही अठ्ठावीस इंची. पण ह्याचा टायर त्याला बसत नाही. खात्री करायची असेल तर आपल्या सायकलच्या टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या चिखलाखालून आधी कंपनीचं नाव येईल, मग 28 × 1½ दिसेल, आणि नशीब असेल तर त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात 40-635. ह्यातला 635 हा आकडा खरा. टायर रिमवर जिथे बसतो तिथला तो व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. मुलाच्या सायकलवर त्या जागी बहुधा 622 असेल. फरक 13 मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा. पण एवढ्या फरकाने जगातला कुठलाही पान्हा तो टायर चढवू शकत नाही. म्हणून इंचात बोलणं बंद. मुलाला सांगा, टायरच्या बाजूचा फोटो पाठव. तो सायकलचा पूर्ण फोटो पाठवील, मागे सूर्यास्त असलेला. पुन्हा सांगा.

त्याच फोटोत चिमटा आणि मडगार्ड बघून घ्या. खिळ्यांचा टायर साध्यापेक्षा जाड असतो. फट कमी असेल तर खिळे मडगार्डवर खरखरत राहतील, शिवाय तिथे चिखलबर्फ साचून गोठला की चाक जाम.

दुसरा प्रश्न: "चलती कहाँ है?"

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि दुकानदार नेमका हाच विचारत नाहीत. रोजचा रस्ता बहुतेक कोरडं डांबर आणि मध्येमध्ये सपाट बर्फ असा असेल, तर मधल्या पट्ट्याजवळ खिळ्यांच्या दोन रांगा पुरतात. रस्त्यात चाकोऱ्या असतील, म्हणजे ओल्या बर्फातून गाड्या गेल्या आणि त्या खाचा रात्री तशाच दगडासारख्या गोठल्या, तर चाक चाकोरीच्या कडेवर तिरपं घासतं. तिथे मधले खिळे हवेतच राहतात. अशा वेळी कडेलाही खिळे हवेत, म्हणजे चार रांगा. फिनलंडच्या हाक्कापेलीट्टा टायरांनी नवशिक्यांची चांगली सोय केली आहे: डब्ल्यू 106 मध्ये 106 खिळे, डब्ल्यू 240 मध्ये 240. कंपूतले एक काका लगेच म्हणतील, 240 वालेच घे, थोडक्यासाठी कशाला. त्यांना सांगा की जास्त खिळे म्हणजे जास्त वजन आणि पायाला जास्त ओढ, आणि पायडल त्यांना मारायचं नाहीये.

खिळे कशाचे, तेही विचारा. टोक टंगस्टन कार्बाइडचं हवं. कातकामाच्या हत्यारांना जे लावतात, तेच. साधं पोलाद बर्फावर उत्तम चालतं, पण मध्ये डांबर लागलं की झिजून गोल होतं. इथेच कंपूतले जुगाडू सदस्य जागे होतात. जुना टायर घ्यायचा, आतून बाहेर स्क्रू मारायचे, डोकी ट्यूबला लागू नयेत म्हणून आत जुन्या ट्यूबची पट्टी लावायची, खर्च शून्य! ही युक्ती खोटी नाही. गोठलेल्या तळ्यावर फेऱ्या मारायला तिकडे लोक असे टायर बनवतात. पण रोज डांबरावरून कामावर जायचं तर टोकं लवकरच बोथट होतात, आणि एखादं डोकं पट्टीतून वर आलं की पंक्चर आतूनच. पंक्चरवाल्याला ही कल्पना सांगितलीत तर तो तुम्हाला चहा पाजील. धंदा वाढवणारं गिऱ्हाईक त्यालाही आवडतं.

तिसरा प्रश्न: "हवा कितनी रखते हैं?"

उज्जैनचा मेकॅनिक हे का विचारतो, तर मे महिन्यात दुपारी टम्म फुगवलेली सायकल उन्हात उभी केली की काय होतं ते त्याने ऐकलेलं असतं, बऱ्याचदा स्वतःच्या दुकानासमोर. तिकडे हेच गणित उलटं चालतं. घरात वीस अंशांत 60 पीएसआय भरलेली हवा उणे वीसमध्ये बाहेर आली की साधारण 50 वर येते. गळती कुठेही नसते; हवा फक्त आकसते. हे मुलाला सांगा, नाहीतर तो रोज पंक्चर शोधत बसेल.

आणि हवा ही नुसती सोय नाही, तो खिळ्यांचा खटका आहे. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन विंटरसारख्या टायरात हवा टायरवर छापलेल्या मर्यादेत वरच्या अंगाला ठेवली की कडेचे खिळे रस्त्यापासून सुटतात आणि डांबरावर चाक जरा हलकं चालतं. कमी केली की टायर पसरतो आणि तेही बर्फात रुततात. (नावातल्या मॅरेथॉनवर कंपूत चर्चा होऊ देऊ नये. मुलगा शर्यतीत भाग घेत नाहीये.)

मग खर्चाचा मुद्दा निघतो. तिकडच्या अशा टायरांच्या जोडीच्या किमतीत इथे साधी काळी सायकल येते आणि वर थोडे पैसे उरतात, हे कळताच चौकात शांतता पसरते. त्यानंतर पहिली सूचना: मग एकच घेऊ दे. ही सूचना वाटते तितकी वाईट नाही. फक्त तो एक कुठे बसवायचा, ह्यावर मत घेतलंत तर सर्वानुमते उत्तर येईल, मागे. वजन मागे, जोर मागे, साखळी मागे. सर्वानुमते चूक. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते आणि बऱ्याचदा सावरता येते. पुढचं घसरलं तर हँडलच हातातून जातं आणि खांदा किंवा मनगट आधी जमिनीला लागतं. एकच घ्यायचा तर पुढे. तरीही दोन घ्यावेत, असं माझं मत. मनगटाचं प्लास्टर फिनलंडमध्ये कितीला पडतं ह्याची चौकशी करण्यापेक्षा ते स्वस्त.

ब्रँडबाबत ज्येष्ठांचं मन वळवायचं असेल तर एक उपाय आहे. सर्वांकडे कधीतरी तो दणकट फोन होता ना, नोकियाचा? त्याच घराण्यात टायरही बनत. तिथला रबराचा कारखाना 1898 चा. टायर, गमबूट आणि पुढे फोन, सगळं 1967 नंतर एकाच छत्राखाली. टायरचा धंदा 1988 साली वेगळा निघाला, आणि हाक्कापेलीट्टा सायकल टायर आता सुओमी ह्या नावाने मिळतात. एवढं सांगितलं की कुणीतरी "मग घे डोळे मिटून" म्हणतोच, कारण त्याचा तो फोन जिन्यावरून पडून पुन्हा लागला होता.

टायर आले की लगेच बर्फावर जायचं नाही. पहिले 40-50 किलोमीटर कोरड्या डांबरावर, करकचून ब्रेक न लावता, झटक्यात न वळता चालवायचे म्हणजे खिळे रबरात पक्के बसतात. हा एकच मुद्दा टावर चौकात बिनविरोध मंजूर होतो. नव्या स्कूटरचं रनिंग ज्यांनी चाळीसच्या वर न जाता पूर्ण केलं, त्यांची ही पिढी आहे.

काही गोष्टी मुलाला आधीच सांगून ठेवा. हे टायर कोरड्या रस्त्यावर करकर वाजतात, लोक वळून बघतात. वेग कमी होतो, दहा मिनिटं आधी निघावं लागतं. भुसभुशीत ताज्या बर्फात खिळ्यांचा उपयोग नाही, कारण त्यांना रोवायला खाली काही कडक लागतं. तिथे रुंद, खोल नक्षीचा टायर कामाचा. आणि खिळे आहेत म्हणून सायकलवरून उतरताना पाय बिनधास्त टेकवू नकोस. टायरला खिळे आहेत, बुटाला नाहीत.

हे सगळं सांगायचं कधी? उज्जैनात रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात ओउलूत दुपारचे साडेचार. डिसेंबरात तिथे सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोनच्या सुमारास मावळतो, म्हणून तुमचा फोन जाईल तेव्हा तो अंधारात, दिवा लावून घरी निघालेला असेल. चालत्या सायकलवर फोन उचलू नकोस, हे त्याला फोन करूनच सांगावं लागतं; त्याला इलाज नाही.

शेवटचं काम वसंतातलं. रस्ते कोरडे झाले की टायर उतरवायला सांगा. महाग कार्बाइड उगाच डांबरावर घासू नये. ते घडी न करता थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचे असतात. इथे कंपूतून सूचना येईल की मे महिन्यात कुणी येणारच आहे, टायर इकडे पाठवून दे, आपल्या माळ्यावर राहतील. पत्र्याखालचा माळा, बाहेर चव्वेचाळीस अंश! तिथे रबराचं काय होईल ते समजावत बसू नका. माळ्यावर जागा नाही, एवढं सांगा. खोटंही नाही ते. त्याची बारावीची गाईडं अजून तिथेच आहेत.